पोकळ भांडे आणि संगणक

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून 'घटाकाश' हा शब्द आपल्याला वारंवार भेटतो. घटातील आकाश आणि घटाबाहेरील आकाश वास्तविक एकच. मध्ये मातीची भिंत आली म्हणून ते दोन भासतात, असा त्या दृष्टान्ताचा आशय. तत्त्वज्ञाचे लक्ष अर्थातच आकाशाकडे असते. घट फुटला तरी त्याचे काही बिघडत नाही. उलट त्याचा मुद्दा सिद्धच होतो! कुंभाराचे आणि तांबटाचे तसे नाही. त्यांचे सारे लक्ष त्या मधल्या भिंतीवर असते. ती कुठे जाड आणि कुठे पातळ, यावर त्यांचे पोट अवलंबून असते. प्रस्तुत लेख त्या भिंतीविषयी आहे. फरक एवढाच की, येथील भिंत मातीची किंवा धातूची होण्याआधी संगणकाच्या पडद्यावर उभी राहते.

विषय थोडा तांत्रिक आहे, हे आधीच कबूल करते. परंतु शिल्प, धातुकाम, मृत्तिकाकाम किंवा वस्तुरचना यांपैकी काहीही शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज ना उद्या संगणकावर पोकळ वस्तू रचावीच लागते. पडद्यावर ती पाच मिनिटांत तयार होते आणि म्हणूनच फसवते. माझा स्वतःचा एक पानाचा डबा या फसवणुकीपायी फुकट गेला. त्याची हकिगत पुढे यथास्थळी सांगणार आहे. ती आपल्यापैकी कोणाचे तरी श्रम आणि पैसे वाचवील, या आशेनेच हा लेख लिहिला आहे.

कातडी आणि घन

संगणकाच्या चित्रशास्त्रात एक चहाची किटली जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल या संशोधकाने ती १९७५ साली रचली. आपल्या आज्ञावलीची परीक्षा घेण्यासाठी त्याला एखादी ओळखीची, वळणदार वस्तू हवी होती. त्याच्या पत्नीने घरातला चहाचा संचच सुचवला. न्यूवेलने किटली आलेखकागदावर रेखाटली, वळणांचे बिंदू मोजले आणि ते आकडे संगणकाला दिले. २८ वक्र तुकड्यांची ती किटली पुढे हजारो प्रयोगांत वापरली गेली. मूळची चिनी मातीची किटली आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात आहे.

आपल्या दृष्टीने या किटलीची मौज वेगळीच आहे. तिच्यात चहा ओतता येणार नाही. मूळ आकड्यांत तिला बूडच नव्हते. ते नंतर चार तुकडे जोडून दिले गेले, तेव्हा तुकडे ३२ झाले. तोटी पोटाला नुसती भिडवलेली आहे. पोटाला त्या जागी भोक नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिच्या भिंतीला जाडीच नाही. ती नुसती कातडी आहे. कागदालासुद्धा काही जाडी असते. या किटलीच्या भिंतीची जाडी शून्य आहे. चित्र काढण्यापुरते हे पुरेसे होते. वस्तू करायला मात्र ते पुरत नाही.

येथेच संगणकीय रचनेच्या दोन घराण्यांचा भेद ध्यानात येतो. पहिले घराणे कातडीचे, म्हणजे पृष्ठरचनेचे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या सुमारास व पुढील काही वर्षांत वळणदार रेषांचे जे गणित बसवले, ते मोटारींच्या बाह्यांगासाठी होते. दुसरे घराणे घनरचनेचे. १९७० च्या दशकात केंब्रिजमध्ये इयन ब्रेड व त्याच्या सहकाऱ्यांनी ते पुढे नेले. घनरचनेत संगणकाला केवळ पृष्ठ ठाऊक नसते, तर त्या पृष्ठाची कोणती बाजू द्रव्याची आणि कोणती रिकामी, हेही ठाऊक असते. म्हणूनच घनाचे आकारमान काढता येते, त्याला भोक पाडता येते आणि तो आतून कोरताही येतो.

पोकळ भांडे या दोन्ही घराण्यांच्या सीमेवर बसते. दिसायला ते कातडी, असायला ते घन. बहुतेक चुका या सीमेवरच होतात.

पोकळ कशासाठी?

दक्षिणेतील चोळकालीन ब्राँझमूर्ती बहुधा भरीव ओतलेल्या असतात, तर इतर कित्येक परंपरांतील मूर्ती पोकळ असतात. आपल्या शिल्पशास्त्रात या दोन रीतींना 'घन' आणि 'सुषिर' अशी सुंदर नावे आहेत. घन सोडून सुषिराकडे जाण्याचे कारण समजायला एक हिशेब पुरे.

६० मि.मी. त्रिज्येचा भरीव गोळा घ्या. त्याचे आकारमान सुमारे ९०५ घन सें.मी. भरते. हाच गोळा ३ मि.मी. जाडीची भिंत ठेवून पोकळ केला, तर उरणारे द्रव्य सुमारे १२९ घन सें.मी. असते, म्हणजे एक सप्तमांश. पितळेचे एक घन सें.मी. साधारण साडेआठ ग्रॅम धरले, तर भरीव गोळा पावणेआठ किलोचा आणि पोकळ गोळा अकराशे ग्रॅमचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हाताला आणि खिशाला मात्र नाही.

आकार वाढत गेला की हा फरक आणखी वाढतो. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ साली उभा राहिलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा सुमारे ४६ मीटर उंच आहे, पण त्याच्या तांब्याच्या पत्र्याची जाडी अवघी २.४ मि.मी. आहे. आपल्या तर्जनीच्या नखाइतकीही जागा ती अडवत नाही! हा पत्रा स्वतःच्या बळावर उभा नाही. आत लोखंडी सांगाडा आहे. पण देवता म्हणून आपण जी पाहतो, ती एवढी पातळ भिंतच.

वजनाखेरीज आणखी एक कारण आहे. ते म्हणजे जाडीचा सारखेपणा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. पातळ भाग लवकर थिजतो, जाड भाग मागाहून. आणि मागाहून थिजणाऱ्या जाड भागात पोकळ्या किंवा खळगे राहतात. मातीचेही तसेच. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग ओला राहतो आणि दोहोंच्या ओढाताणीत सांध्यावर तडा जातो. तेव्हा भिंत पातळ असणे हे अर्धे काम झाले. ती सारखी असणे हे उरलेले अर्धे.

तांब्याची परीक्षा

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ साली जो अहवाल लिहिला, त्यात आपल्या साध्या लोट्याची फार स्तुती आहे. याच अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था सुरू झाली. लोटा रचायला बसलो तर कोणते प्रश्न पडतील, याची एक यादीच त्यांनी दिली आहे. त्यात काखोटीला किंवा डोक्यावर नेताना त्याचा तोल कसा राहील, भरलेला आणि रिकामा असताना गुरुत्वमध्य कुठे असेल, अशा प्रश्नांचा समावेश आहे. यांतील कितीतरी प्रश्न बाहेरच्या रेषेचे नाहीत, भिंतीच्या जाडीचे आहेत. रिकाम्या भांड्याचा गुरुत्वमध्य कुठे पडेल, हे बूड किती जाड ठेवले यावर ठरते.

म्हणून सरावासाठी मी तांब्याच निवडला. तो संगणकावर पोकळ करण्याच्या तीन रीती आहेत. त्या क्रमाने सांगते.

पहिली रीत अर्धछेदाची. तांब्या मधोमध उभा कापला तर भिंतीचा जो छेद दिसेल, त्याचा उजवा अर्धा भाग काढायचा. बाहेरची रेषा काढायची, आतली रेषा काढायची, काठाशी आणि तळाशी दोन्ही जोडायच्या. मग ही बंद आकृती मधल्या उभ्या अक्षाभोवती पूर्ण ३६० अंशांतून फिरवायची. तांब्या तयार. ही रीत कुंभाराच्या चाकाची सख्खी बहीण आहे. जाडी पूर्णपणे आपल्या हातात राहते. बूड जाड, पोट मध्यम, काठ पुन्हा किंचित जाड, असे हवे तसे करता येते. चाकावर फिरणाऱ्या आकारांना हीच रीत उत्तम, असे माझे मत आहे. मात्र चौकोनी डब्याला, तोटीच्या झारीला किंवा मूर्तीला ती लागू पडत नाही.

दुसरी रीत आळशी माणसाची. भरीव तांब्याची एक प्रत काढायची, ती थोडी लहान करायची आणि मूळ तांब्यातून वजा करायची. आमच्या वर्गातील निम्म्या मंडळींनी प्रथम हेच केले, त्यात मीही होते. गोळ्याला ही युक्ती चालते, तांब्याला चालत नाही. समजा, तांब्याचे पोट १२० मि.मी. रुंद, उंची २०० आणि गळा ६० रुंद आहे. मध्यबिंदूपासून सर्व बाजूंनी शेकडा ५ लहान केला, तर पोटाची भिंत ३ मि.मी. येते, तळाची ५ येते आणि गळ्याची १.५ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. गळ्याच्या वर काठ बाहेर वळलेला असेल तर आणखी गंमत होते: आतली प्रत खाली सरकल्यामुळे तिचा काठ मूळ गळ्याच्या भिंतीला छेदून बाहेर डोकावतो. लहान करणे वेगळे आणि आत सरकवणे वेगळे, हा धडा येथे मिळतो. लहान करताना प्रत्येक बिंदू मध्याकडे त्याच्या अंतराच्या प्रमाणात सरकतो. भिंतीला हवे असते ते समान अंतर.

तिसरी रीत हेच समान अंतर राखते. तिला बहुतेक प्रोग्रॅममध्ये 'शेल' म्हणतात. फ्रीकॅड या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये तिचे नाव 'थिकनेस' आहे. भरीव आकार करायचा, जे तोंड उघडे ठेवायचे ते पृष्ठ निवडायचे, जाडीचा आकडा द्यायचा, की आकार आतून कोरला जातो. लेखाचा मुख्य विषय हीच रीत आहे.

शेलच्या पोटात काय चालते?

ही आज्ञा समजून घ्यायला प्लॅस्टरच्या साच्यातील ओतकामाइतका चांगला दाखला नाही. मृत्तिकाविभागातील मित्रांना तो परिचित आहे. पातळ चिकणरस साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतल्या अंगाला मातीचा थर धरू लागतो. थर पुरेसा झाला की उरलेला रस ओतून टाकतात. भिंत साच्याच्या पृष्ठापासून आत आत वाढते आणि सर्वत्र जवळपास सारखी वाढते. किती वेळ थांबलो, यावर जाडी ठरते.

शेल हेच करते. बाहेरच्या प्रत्येक पृष्ठावर आतल्या बाजूला लंब उभा करायचा, त्या लंबावर दिलेल्या जाडीइतके अंतर मोजायचे आणि तेथे नवे पृष्ठ आखायचे. सपाट पृष्ठाचे सपाटच येते. बाहेर फुगलेल्या वळणाची त्रिज्या आत जाताना जाडीइतकी कमी होते. आत दबलेल्या वळणाची, उदाहरणार्थ तांब्याच्या गळ्याची, जाडीइतकी वाढते. मग ही सारी नवी पृष्ठे एकमेकांपर्यंत वाढवून किंवा छाटून जुळवायची आणि उघड्या तोंडाशी आतल्या-बाहेरच्या कडा सांधायच्या. एवढे जमले की भांडे तयार.

अडते ते 'कमी होते' या शब्दांशी. बाहेरची गोलाई ५ मि.मी. त्रिज्येची आणि भिंत ३ ची, तर आतली गोलाई २ ची. ठीक. गोलाई ३ आणि भिंत ३, तर आत गोलाई शून्य, म्हणजे टोकदार कोपरा. तेही चालून जाईल. पण गोलाई २ आणि भिंत ३ असेल तर? आतली त्रिज्या उणे १! असे वळण अस्तित्वातच नाही. आखलेले पृष्ठ स्वतःतच गुंतून उलटे होते. काही प्रोग्रॅम आतला कोपरा टोकदार करून वेळ निभावून नेतात. काही सरळ नकार देतात आणि पडद्यावर एक दुर्बोध तक्रार झळकते. आपण मग प्रोग्रॅमला नावे ठेवतो. वास्तविक चूक त्याची नसते.

साच्यातील मातीपुढे हा प्रश्न उभा राहत नाही. अरुंद तोटीत दोन्ही बाजूंचे थर वाढत वाढत एकमेकांना भेटले, तर तोटी बुजून जाते, एवढेच. मातीला हिशेब करावा लागत नाही, संगणकाला करावा लागतो. म्हणून शेल देण्यापूर्वी आपणच भांड्यावरचे सर्वांत तंग वळण शोधावे आणि त्याची त्रिज्या भिंतीहून मोठी आहे ना, हे पाहून घ्यावे. तांब्याच्या बाबतीत ते वळण बहुधा काठाच्या ओठावर असते.

पानाच्या डब्याची हकिगत

आता माझी कथा. वार्षिक प्रदर्शनासाठी मी पानाचा चौकोनी डबा रचला. भिंत २ मि.मी., सगळ्या बाह्य कडांना ५ मि.मी.ची मऊ गोलाई. संगणकावर रचून, जळून जाणाऱ्या राळेत त्याची प्रतिकृती छापायची आणि तिच्यावरून पितळेत ओतून घ्यायचा, असा बेत होता. मेणाऐवजी राळ, एवढाच मधुच्छिष्ट पद्धतीपासून फरक.

मी आधी सरळ कडांचा ठोकळा केला. त्याला शेल देऊन पोकळ केला. डबा छान दिसला. मग बाहेरच्या कडा टोचतील, म्हणून त्यांना फिलेटची आज्ञा देऊन गोल केले. डबा आणखी छान दिसला. फाइल दिली, पैसे भरले आणि निर्धास्त झाले.

ओतकाम करणाऱ्या कारागीर काकांनी दहा दिवसांनी बोलावले. डबा समोर ठेवून ते म्हणाले, "ताई, भिंत दोनची सांगितली होतीत ना? मग हे कोपरे कुणी खाल्ले?" तळाचे चारही कोपरे धातूने भरलेच नव्हते. उभ्या कडांवरही दोन ठिकाणी पितळ पोहोचले नव्हते. मला वाटले, ओतण्यातच चूक झाली. तसे मी बोललेही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. काका रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून उरलेली दुसरी प्रतिकृती काढली, ती उजेडापुढे धरली आणि म्हणाले, "इथून पाहा." तळाच्या कोपऱ्यातून टाचणीच्या टोकाएवढा उजेड येत होता.

घरी येऊन वहीवर हिशेब केला. आत कोपरा टोकदार, बाहेर ५ ची गोलाई. उभ्या कडेचा आडवा छेद घेतला, तर मूळच्या बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंतचे तिरपे अंतर २ गुणिले १.४१४, म्हणजे २.८३ मि.मी. त्यातून गोलाई ५ गुणिले ०.४१४, म्हणजे २.०७ खाऊन टाकते. शिल्लक राहते अवघे ०.७६. मी दोनची समजत असलेली भिंत कडेवर पाऊणच होती.

तळाच्या कोपऱ्यात तर तीन भिंती भेटतात. तेथील तिरपे अंतर २ गुणिले १.७३२, म्हणजे ३.४६. गोलाई खाते ५ गुणिले ०.७३२, म्हणजे ३.६६. होते त्याहून खर्च अधिक! म्हणजे भिंत संपून भोकच पडणार. ते भोक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे. पडद्यावर डबा तळहाताएवढा दिसत असताना अर्धा मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांना दिसणार? प्रोग्रॅमनेही तक्रार केली नाही, कारण गणिताच्या दृष्टीने चार भोकांचा डबा हाही एक निर्दोष घनच आहे.

चूक क्रमाची होती. आधी कडा गोल करून मागाहून शेल दिला असता, तर बाहेर ५, आत ३ अशा समकेंद्री गोलाया आल्या असत्या आणि भिंत सर्वत्र २ राहिली असती. त्याच दोन आज्ञा, तेच दोन आकडे, केवळ मागेपुढे. स्वयंपाकात फोडणी आधी की नंतर, यावर पदार्थ बदलतो, तसेच हे. तेव्हापासून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: आधी बाहेरचा आकार पुरा करावा, मगच पोकळ करावा.

माझा डबा त्या प्रदर्शनात लागला नाही. त्या जागी रिकामा चौथरा राहू नये म्हणून मी फसलेला डबाच मांडावा, अशी सूचना एका प्राध्यापकांनी केली होती. तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता वाटते, मांडायला हवा होता.

जाळीचे आकार

मूर्ती किंवा मुखवटे रचणारे विद्यार्थी बहुधा वेगळ्या प्रकारचे प्रोग्रॅम वापरतात. त्यांत आकार म्हणजे त्रिकोण-चौकोनांची जाळी असते. ब्लेंडरमध्ये अशा जाळीला जाडी देण्याची 'सॉलिडिफाय' नावाची सोय आहे. येथेही एक खाचखळगा आहे. जाळीचा प्रत्येक बिंदू त्याच्या भोवतालच्या पृष्ठांच्या सरासरी दिशेने आत सरकवला, तर सपाट भागात जाडी बरोबर येते, कोपऱ्यात येत नाही. साध्या घनाकृती ठोकळ्याला आठच बिंदू असतात आणि आठही कोपऱ्यांतच. ते कर्णाच्या दिशेने ३ मि.मी. आत सरकले, तर भिंतीची खरी जाडी ३ भागिले १.७३२, म्हणजे १.७३ एवढीच भरते. जाडी सम राखण्याचा पर्याय त्याच चौकटीत दिलेला असतो. तो निवडायला विसरू नये.

छपाईसाठी आपण जी एसटीएल फाइल देतो, तीही जाळीच असते. १९८० च्या दशकात त्रिमित छपाईच्या पहिल्या यंत्रांबरोबर ती पद्धत आली. तिच्यात फक्त त्रिकोण असतात. प्रत्येक त्रिकोणाचे बाहेरचे अंग कोणते, हे त्याच्या बिंदूंच्या क्रमावरून ठरते. पोकळ वस्तूच्या आतल्या त्रिकोणांचे 'बाहेर' म्हणजे पोकळीकडचे अंग. ते उलटे झाले, तर छपाईयंत्राला पोकळी कळतच नाही आणि पोकळ वस्तू भरीव छापली जाण्याचा संभव असतो. घटाकाश ओळखायला यंत्रालाही भिंतीची दिशा सांगावी लागते, असे म्हणायला हरकत नाही.

बंद पोकळी

पोकळ करणे म्हणजे बंद करणे नव्हे, हा शेवटचा मुद्दा. संगणकावर पूर्ण बंद, आतून पोकळ असा पक्षी करता येतो. तो प्रत्यक्षात आणताना प्रत्येक माध्यम आपापला हिशेब मागते. राळेत छापला, तर न थिजलेली राळ आत अडकून राहते. भुकटीत छापला, तर भुकटी अडकते. मातीत केला आणि नीट न सुकवता भट्टीत घातला, तर आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पक्षी शेजाऱ्यांच्या कामासह फुटतो. धातूत ओतायचा, तर आतला गाभा जागेवर धरायला आणि नंतर बाहेर काढायला वाट लागते. शाडूच्या गणपतीला खालून पोकळी उघडी असते, ती उगाच नव्हे. म्हणून बंद आकाराला निदान एक, शक्यतो दोन छिद्रे रचनेतच ठेवावीत: एकातून हवा आत येते, तेव्हाच दुसऱ्यातून द्रव बाहेर जातो. तेलाचा डबा ओतताना आपण वरच्या बाजूला दुसरे भोक पाडतो, त्यातलाच हा प्रकार.

थोडक्यात

अनुभवाने जे हाती लागले, ते असे. पहिले, जाडी आधी ठरवावी; कोणत्या द्रव्यात वस्तू होणार आणि तो कारागीर किती पातळ काढू शकतो, हे पहिली रेषा ओढण्यापूर्वी त्याला विचारावे. दुसरे, सर्वांत तंग गोलाई भिंतीहून मोठी ठेवावी. तिसरे, गोलाई आधी, पोकळी मागाहून. चौथे, काम झाल्यावर आकार निदान तीन ठिकाणी कापून पाहावा. पोटात, कडेवर आणि जेथे तीन पृष्ठे भेटतात त्या कोपऱ्यात. छेद घेण्याची सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असते आणि तिला एक मिनिट लागते. पाचवे, प्रोग्रॅमला आकारमान विचारावे आणि पृष्ठाचे क्षेत्रफळ गुणिले जाडी या ढोबळ हिशेबाशी ते ताडून पाहावे. फार तफावत आली, तर कुठेतरी भिंत बिघडली आहे असे समजावे.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मी मठारकाम पाहत बसते, तेव्हा एक विचार मनात येतो. तांबटाच्या हाती आधी पत्रा येतो, म्हणजे भिंत आधी आणि आकार मागाहून. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला तो पत्रा कुठे ताणला आणि कुठे पातळ झाला, हे त्याला आवाजावरून कळते. कुंभाराच्या बोटांत भिंत आणि आकार बरोबरच जन्म घेतात. एक बोट आत, एक बाहेर. संगणकावर मात्र आकार आधी येतो आणि भिंत मागून येते; शिवाय तिला आवाज नाही आणि स्पर्शही नाही. जो जाडीचा विचार त्यांच्या हातांना आपोआप करावा लागतो, तो आपल्याला मुद्दाम, आकडे मांडून करावा लागतो. संगणकाने श्रम कमी केले हे खरे, पण ही एक जबाबदारी त्याने वाढवली आहे.

दुसरा डबा मी याच वर्षी ओतून घेतला. आधी गोलाई, मग शेल. काकांनी तो हातात घेतला, चारही कोपरे अंगठ्याने चाचपले, उजेडापुढे धरून पाहिला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला. त्यांनी नावे ठेवली नाहीत, तेवढे मला पुरे होते. घरी आल्यावर त्यात पाणी भरून रात्रभर ठेवला. सकाळी खालचा कागद कोरडा होता.